होकाऱ्याचं रान

त्या रानात भूत आहे, ही बातमी मोजणीबाईला गावात पाऊल ठेवल्यापासून दहा मिनिटांत तिघांनी दिली. तिघांचाही थाट असा, की जणू भूत त्यांच्या घरचंच आणि परीक्षा पास होऊन मोठ्या हुद्द्यावर लागलेलं. पहिला बसचा ड्रायव्हर, दुसरे थांब्यावर उगाच बसलेले एक आजोबा आणि तिसरी खानावळवाली मावशी. त्यातही मावशीसारखं रंगवून सांगणं बाकीच्या दोघांना सात जन्मांत जमलं नसतं.

"होकाऱ्या म्हणतात त्याला," मावशी टेबल पुसता पुसता म्हणाली. "दिसत नाही, धरत नाही, रक्तबिक्त पीत नाही. फक्त ओ देतो. तुम्ही रानात हाक मारलीत, की तुमच्या माणसाच्या आधी हाच ओ देतो. तुम्हाला वाटतं, आहे आपला माणूस मागे. तुम्ही आपले बिनघोर पुढे चालता. आणि मागे कोण्णी नसतं!"

"मग?"

"मग काय मग? माणूस हरवतो."

"असा हरवलेला माणूस कोणी पाहिलाय का?"

"अहो बाई, पाहिला असता तर तो हरवलेला कसा?"

मोजणीबाईने चहा संपवला. दुसरं कोणी असतं तर हसलं असतं. ती हसली नाही, कारण हा होकाऱ्या ती नऊ वर्षांची असताना तिच्या घरात शिरला होता आणि चौतीस वर्षं झाली तरी गेला नव्हता.

तिचे बाबाही मोजणीदारच. नकाशा खात्यात त्यांचा दबदबा होता. बावीस नकाशे त्यांच्या हातचे, आणि शेवटचा या रानाचा. शेजारच्या तुकड्याचा नकाशा दुसऱ्या एकाने पलीकडच्या बाजूने केला होता. दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, तर जुळेनात. बाबांचं रान एकशे बेचाळीस मीटर जास्त भरलं होतं. चौकशी बसली. बाबा एवढंच म्हणाले, "मला जे ऐकू आलं, त्यावर मी मोजलं." काय ऐकू आलं, कोणाचं ऐकू आलं, यावर मात्र मूग गिळून बसले. शेवटी चौकशीच्या कागदावर एक ओळ उमटली: 'प्रत्यक्ष न मोजता लिहिले असावे.'

त्या एका 'असावे'ने बाबांना उघड्या माळरानावरून उचललं आणि कपाटांच्या खोलीत नेऊन बसवलं, ते थेट निवृत्त होईपर्यंत. खात्यात त्यांना 'भुताचा मोजणीदार' म्हणायचे आणि शाळेत मुलं हिला 'भुताची पोर' म्हणायची. ही एकदोघांना बदडून घरी यायची. बाबा म्हणायचे, "बदडू नकोस. मोजायला शिक."

ती शिकली, आणि अशी शिकली, की तिच्या आकड्यावर बोट ठेवायची आता खात्यात कोणाची छाती नव्हती. पण जुने नकाशे संगणकात चढवायचं काम निघालं आणि साहेबांनी ठरवलं, की ज्याचा एक नकाशा खोटा, त्याचे बावीसच्या बावीस बाद. प्रत्येकावर 'अविश्वसनीय' असा शिक्का बसणार होता. सही शुक्रवारी.

"मला सोमवार ते गुरुवार द्या," ती साहेबांना म्हणाली. "त्या 'असावे'चा निकाल लावून येते."

"आणि तुमच्या वडिलांनी खरंच घरी बसून आकडे लिहिले असतील तर?"

"तर शिक्के मी स्वतः मारीन. शाई तेवढी भरून ठेवा."

म्हणून ती आली होती. नव्या यंत्राने सोमवारीच रानाची खरी लांबी काढून दिली, दोन हजार दोनशे अठ्ठ्याऐंशी मीटर. बाबांच्या वहीत एक्क्याऐंशी साखळ्या, म्हणजे दोन हजार चारशे तीस. चूक आहे, एवढं यंत्राला कळत होतं. का झाली, हे सांगायची त्याची ऐपत नव्हती. त्यासाठी तिने घरातून दोन जुन्या गोष्टी उचलून आणल्या होत्या: बाबांची तीस मीटरची लोखंडी साखळी आणि बाबांची नोंदवही.

वहीतली अक्षरं मुंग्यांसारखी बारीक आणि ओळीत. एक ते एक्क्याऐंशी अशा नोंदी. त्यांतल्या नऊ नोंदींपुढे समासात एकच शब्द लिहिलेला: 'हो?' आठ 'हो?' रानाच्या मध्यावर, एकमेकांच्या जवळजवळ, आणि नववा पार पुढे, त्रेसष्टाव्या नोंदीपाशी, एकटा. लहानपणी तिने विचारलं होतं, "बाबा, हे हो म्हणजे काय हो?" बाबांनी वही मिटून कपाटात टाकली होती आणि दोन दिवस धड बोलले नव्हते.

पहिल्या पानावर, साखळीचं मागचं टोक धरणाऱ्याचं नाव होतं. संध्याकाळी खानावळीत तिने ते मावशीला वाचून दाखवलं.

"अगं बाई! हे तर आपले टपालकाका!" मावशी म्हणाली. "मागच्या वर्षी निवृत्त झाले. पोस्टाच्या शेजारचं हिरव्या दाराचं घर. पण तुम्ही त्यांना रानात यायला सांगू नका हं. ते नाही यायचे."

टपालकाका दारातच सायकलीच्या चाकाला तेल देत बसले होते. मोजणीबाईने आपण कोण ते सांगायच्या आधीच काकूंनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि नवऱ्याचं गाऱ्हाणंही दिलं.

"रानात? हे? अहो, तेहतीस वर्षं पलीकडच्या वाडीत टपाल टाकलं यांनी. रानातून सरळ गेलं तर अर्धा तास. हे रोज वळसा घालून जायचे, जायला दोन तास, यायला दोन तास! पाच सायकली झिजवल्या. वाडीतल्या लोकांना लग्नाच्या पत्रिका लग्न लागल्यावर मिळायच्या."

"एकदाच," काका पुटपुटले. "आणि त्या लग्नाचं जेवण तसंही बेकार होतं म्हणतात."

मोजणीबाईने वही उघडून पहिलं पान त्यांच्यासमोर धरलं. काकांचे तेलकट हात हवेतच राहिले.

"ही साहेबांची वही," ते म्हणाले.

"मी त्यांची मुलगी. काका, मला साखळीचं मागचं टोक धरायला माणूस हवाय. फार नाही, दोन दिवस."

"मला नाही जमायचं, ताई. गुडघे गेले." मग बराच वेळ चाक फिरवून त्यांनी खालमानेने विचारलं, "साहेब जाऊन किती वर्षं झाली?"

"जाऊन? बाबा ठणठणीत आहेत! ऐंशीचे झाले. रोज सकाळी पेपर वाचून सरकारला शिव्या घालतात."

काका उठलेच. चेहरा असा झाला होता, की काकूंनी धावत येऊन दंड धरला. "साहेब आहेत?" त्यांनी पुन्हा विचारलं. आणि आत जाऊन ते बूट घालून आले, दोन्ही पायांत वेगवेगळे मोजे. काकूंनी तोंडात बोट घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं रानात शिरले. रान तसं भरदिवसा काही भयंकर नव्हतं, पण दाट होतं. उंच झाडं, खाली कमरेएवढी काटेरी झुडपं, आणि वेली अशा पसरलेल्या, की दहा पावलांवरचा माणूस दिसू नये. मोजणीबाईने बाबांची पहिली खूण शोधून काढली आणि साखळी उलगडली.

ही साखळीची मोजणी दिसायला पोरखेळ वाटते, पण तिच्यात एक मेख असते. पुढचा माणूस साखळीचं एक टोक घेऊन पुढे चालतो. मागचा दुसरं टोक धरून त्याच्या मागून येतो. मागचा आधी रोवलेल्या लोखंडी सळईपाशी पोचला, की पुढच्याने तिथल्या तिथे नवी सळई रोवायची. झाली एक साखळी. पण झाडीत दोघं एकमेकांना दिसत नाहीत. म्हणून पुढच्याने ओरडून विचारायचं आणि मागच्याने पोचल्यावर ओरडून सांगायचं. मागचा पोचायच्या आधीच पुढच्याने सळई रोवली, तर साखळी वीसच मीटरची भरते आणि वहीत मात्र तीस लागते.

"तुम्ही आणि बाबा काय ओरडायचात?" तिने विचारलं.

"साहेब विचारायचे, झालं? मी सांगायचो, झालं. खात्याचा नियमच तो."

"आजही आमच्यात तसंच आहे."

"चूक आहे ते," काका म्हणाले. आवाज खाली घेऊन, इकडे तिकडे बघत. "या रानात तसं बोलत नाहीत, ताई. होकाऱ्याला स्वतःचं काही बोलता येत नाही. तो आपला उष्टा शब्द खातो. आपण जे बोललो, तेच तो बोलणार. म्हणून गावातली माणसं असं विचारतात, की त्याचं उत्तर विचारण्यात नसेल. 'कुठाय?' म्हटलं, की 'ओढ्याशी' असं सांगायचं. होकाऱ्याला 'ओढा' कुठून सुचणार? मी तेव्हाच साहेबांना म्हणालो होतो. साहेब म्हणाले, खातं भुतांना विचारून नियम करत नाही."

मोजणीबाई जागच्या जागी थांबली. चौतीस वर्षांत आपल्या घरात कोणाला जे सुचलं नाही, ते या माणसाने पोस्टाचं तिकीट चिकटवावं इतक्या सहज बोलून टाकलं होतं. झालं? झालं. प्रश्न तोच, उत्तरही तेच! मराठीत काम करणाऱ्या मोजणीदारांनी स्वतःच्या हाताने खणलेला खड्डा होता तो.

"चला काका," ती म्हणाली. "आपण मुद्दाम खात्याच्या नियमाने मोजू."

पहिल्या तीस साखळ्या सरळ गेल्या. ती "झालं?" विचारी, थोड्या वेळाने मागून काका पोचून "झालं" म्हणत. एकतिसाव्या वेळी साखळी कुठेतरी झुडपात अडकून ताठ झाली. तिला वाटलं, काका पोचले. तिने ओरडून विचारलं, "झालं?"

"...झालं," मागून आवाज आला. बारीक, जरा पडका, पण माणसाचा.

आता खरं सांगायचं तर तिच्याही अंगावर काटा आला. शिक्षण, यंत्र, वीस वर्षांची नोकरी, सगळं एका क्षणात पातळ झालं. तिने सळई जमिनीत खुपसली, आल्या वाटेने झुडपं बाजूला सारत मागे गेली, आणि पाहते तर मागच्या सळईपाशी पोचायला अजून पंधरा-सोळा मीटर बाकी असताना काका काट्यांत शर्ट अडकून उभे. तोंडावर हात घट्ट दाबलेला.

"तुम्ही बोललात?"

काकांनी मानेनेच नाही म्हटलं. मग हात काढून कुजबुजले, "तो बोलला. तो बोलला, की आपण बोलायचं नसतं. त्याच्या शब्दावर शब्द टाकला तर तो मागे लागतो. तेव्हाही मी असाच गप्प बसायचो, ताई. साहेब पुढे निघून जायचे."

"आणि साहेबांच्या वहीत एक साखळी पुरी लागायची," मोजणीबाई म्हणाली. तिने वही काढली. एकतिसावी नोंद. समासात: 'हो?'

तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं आणि तेवढ्याच जोरात रागही आला. बाबांनी ऐकलं होतं! त्या आवाजात काहीतरी खोट आहे हे त्यांच्या कानाला कळलं होतं, म्हणून तर ते प्रश्नचिन्ह.

"थांबा, याला बघतेच," ती म्हणाली आणि आवाजाच्या दिशेने तोंड करून ओरडली, "ए गाढवा!"

"...गाढवा," होकाऱ्या म्हणाला.

"तूच!"

"...तूच."

काकांची पाचावर धारण बसली. पण मोजणीबाई आता रंगात आली होती. तिने पिशवीतून अंतर मोजायचं लेझर काढलं आणि वेलींच्या जाळीतल्या एका फटीत धरलं. आकडा आला, त्र्याहत्तर मीटर. झाडांच्या मागे त्र्याहत्तर मीटरवर काहीतरी होतं, जिथे लेझरचा किरण आपटून परत येत होता. ती वेली कापत सरळ त्या दिशेने गेली. काका नको नको म्हणत मागोमाग, कारण एकटं थांबणं त्याहून वाईट.

तिथे कडा होता. नुसता खडक, तीन मजली घराएवढा उंच, भिंतीसारखा सरळ, आणि वरपासून खालपर्यंत वेलींनी असा झाकलेला, की हात लावल्याशिवाय कळू नये. मोजणीबाईने हात लावला. काकांचाही हात धरून लावला.

"हा तुमचा होकाऱ्या, काका. नमस्कार करा, नाहीतर लाथ मारा, जे पटेल ते."

काका खूप वेळ हात लावून उभे राहिले. "एवढंच?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटकेपेक्षा निराशाच जास्त होती. तेहतीस वर्षांचे वळसे आणि पाच सायकली डोळ्यांसमोर आल्या असणार.

त्या दिवशी आणि बुधवारी मिळून आठ ठिकाणी होकाऱ्याने ओ दिला. आठही ठिकाणं बाबांच्या खुणांशी बरोब्बर जुळली. आठ ठिकाणी मिळून किती मीटर बुडाले, तेही तिने मोजलं. एकशे सव्वीस. बाबांची चूक एकशे बेचाळीसची. उरले सोळा मीटर, आणि उरला वहीतला नववा 'हो?'

बुधवारी दुपारी ते त्रेसष्टाव्या नोंदीपाशी पोचले. इथे रान उतरणीला लागलं होतं, जमीन दलदलीची, खडकाचा पत्ता नाही.

"झालं?" मोजणीबाई ओरडली.

काही नाही. वाऱ्याने पानं हलली तेवढीच.

ती चार पावलं इकडे सरकली, चार तिकडे. दहा वेळा ओरडली. लेझर चारी दिशांना धरलं, झाडांपलीकडे कुठे काही लागेना. आठ खुणांचा हिशोब लागून उपयोग नव्हता. खात्यातले साहेब नवव्यावर बोट ठेवणार: इथे कडा नाही, इथे कोण बोललं? म्हणजे हे घरी बसूनच लिहिलं. आणि एक खोटं, तर बावीसही खोटे. बाबांचा जन्म या सोळा मीटरवर अडकला होता. तिने घसा साफ करून शेवटचं विचारलं, "झालं?"

"झालं," मागून आवाज आला.

ती गर्रकन वळली आणि धावत सुटली. टपालकाका मागच्या सळईपाशी नव्हतेच. सळईपर्यंत न पोचता, बरेच मागे एका पडलेल्या खोडावर बसले होते. साखळीचं टोक मांडीवर होतं.

"काका! इथून बोललात तुम्ही? पोचायच्या आधी?"

"असाच बसलो होतो, ताई," काका म्हणाले. "तेव्हाही. याच उतरणीवर. बूट फाटला होता, टाचेत काटा मोडला होता, रक्त येत होतं. सकाळपासून आठ वेळा तो खोटं बोलला आणि साहेब पुढे गेले. मला वाटलं, आठ वेळा त्याचं खपलं, तर एकदा माझंही खपेल. साहेबांनी विचारलं, झालं? मी बसल्या जागेवरून म्हणालो, झालं."

मोजणीबाईने वही उघडून नववा 'हो?' काढला.

"दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, नऊ ठिकाणी शंका आहे, पुन्हा मोजू. मी पोट दुखतंय म्हणून झोपून राहिलो. पुन्हा मोजलं तर माझं बिंग फुटणार होतं. गावातून दुसरं कोणी यायला तयार होईना. तेवढ्यात खात्यातून नकाशाची निकड लागली आणि साहेब गेले. पुढे चौकशीची बातमी आली. त्याच महिन्यात मला पोस्टात नोकरी लागली होती. मी गप्प बसलो. गावात सांगितलं, होकाऱ्याने केलं. आठ त्याचे होतेच की. नववाही त्याच्या नावावर टाकला." काकांनी नाक पुसलं. "मी वळसा होकाऱ्याच्या भीतीने घालत नव्हतो, ताई. मला या खोडासमोरून जायचं नव्हतं."

आता मात्र तिचा बांध फुटला. "चौतीस वर्षं! माझ्या बाबांनी कपाटांच्या खोलीत धूळ खाल्ली! मला भुताची पोर म्हणायचे! एक पत्र टाकता आलं नाही तुम्हाला? पोस्टातला माणूस तुम्ही! अख्ख्या गावाची पत्रं टाकलीत, स्वतःचं एक टाकता आलं नाही?"

"सात लिहिली," काका म्हणाले. "ट्रंकेत आहेत. तिकिटंसुद्धा लावलेली."

ती तिथेच चिखलात बसली आणि पोटभर रडली. काकाही रडले. मग तिने टेप काढला आणि खोडापासून सळईपर्यंतचं अंतर मोजलं, कारण मोजल्याशिवाय तिला राहवलंच नसतं. सोळा मीटर.

"हे कागदावर लिहून द्याल?"

"देईन. पण तुमच्या बाबांच्या तोंडावरही सांगीन. नंतर मला काय व्हायचं ते होऊ दे."

"काही होत नाही. सोळा मीटरसाठी आता कोणी पेन्शन अडवत नाही," ती म्हणाली. राग होता, पण माणसाला धीर द्यायची तिची खोड जात नव्हती.

शुक्रवारी खात्यातला प्रसंग पाव तासात आटपला. तिने आठ ठिकाणांची अंतरं, कड्याचे फोटो, आवाजाची नोंद आणि टपालकाकांचा सहीचा कागद टेबलावर मांडला. साहेबांनी भुतावर एक विनोद करून पाहिला, कोणी हसलं नाही. त्यांनी आकड्यांची बेरीज दोनदा केली, दोन्ही वेळा तीच आली. शेवटी त्यांनी जुना चौकशीचा कागद मागवला, 'प्रत्यक्ष न मोजता लिहिले असावे' या ओळीवर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं: 'प्रत्यक्ष मोजले आहे.' शिक्का शाईच्या डबीवर तसाच पडून राहिला. यापुढे मोजणीत प्रश्नाचा आणि उत्तराचा शब्द वेगळा ठेवावा, अशी सूचनाही तिने त्यांच्याकडून तिथल्या तिथे लिहून घेतली.

तिथून ती काकांना घेऊन घरी आली. बाबा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. काका पायरीशीच थबकले, टोपी हातात. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला.

"पोटदुखी थांबली का रे?" बाबांनी विचारलं.

काकांना हुंदका आवरेना. जे सांगायचं ते त्यांनी तुटक तुटक सांगितलं. खोड, टाच, नववी हाक. बाबा शेवटपर्यंत ऐकत होते.

"मला ठाऊक होतं," बाबा म्हणाले. "तो नववा आवाज तुझाच होता. मला वाटलं, आधीचे आठही तुझेच. म्हणून तर बोललो नाही. बोललो असतो तर तुझी नोकरी गेली असती. सत्तावीस वर्षांचं पोर तू."

"बाबा!" मोजणीबाई म्हणाली. "आणि तुमची नोकरी?"

"माझी होती की. कपाटांची का होईना." मग ते काकांकडे वळले. "आठ तुझे नव्हते, हे मला आज कळतंय. उगाच तुझ्यावर आठ वेळा जास्त चिडलो. चुकलं माझं. दुसऱ्या दिवशी तुला कान धरून रानात न्यायला हवं होतं."

मग बाबांनी पिशवीतून डोकावणारी साखळी पाहिली आणि हात पुढे केला. एक टोक स्वतः घेतलं, दुसरं काकांच्या हातात दिलं आणि गल्लीच्या टोकाकडे बोट दाखवलं. काका निघाले. साखळी खळखळत त्यांच्यामागून गेली. दिव्याच्या खांबापुढे गल्ली वळत होती, तिथे ते दिसेनासे झाले. गल्लीत नेमका एक स्कूटरवाला अडकला.

बाबा खुर्चीतून उठले. चौतीस वर्षं न वापरलेला आवाज काढून ओरडले, "झालं?"

"झालं, झालं! उचला आता आजोबा, उशीर होतोय!" स्कूटरवाला म्हणाला.

बाबा हलले नाहीत. समोरच्या गॅलरीतून कोणीतरी हसून "झालं" म्हणालं. बाबा तरीही हलले नाहीत. साखळी ताठ होती, पण ते वाट बघत उभे राहिले, मान जराशी कलती, कान गल्लीच्या टोकाकडे.

मग वळणापलीकडून, धापा टाकत, पण खणखणीत आवाज आला. "पोचलो, साहेब!"

बाबांनी वाकून ओट्याच्या फटीत पिशवीतली सळई रोवली. सळई सरळ बसली.

"लिही," ते मुलीला म्हणाले. "एक साखळी. पूर्ण."